तामार आणि तिची पुढची वीण

त्यांच्या घरात कोणी मेलं
की माझी माणसं दिसतात.
एरवी नाही.
म्हणून व्हर्जिनियातल्या या कोर्टाच्या तळघरात
मी ऑल्डरिजांच्या मरणाची वाट बघत बसते,
दोनशे वर्षं उशिरा.

खिडकीवरच्या बाईनं आडनाव विचारलं.
ऑल्डरिज, म्हटलं.
"अरे वा, म्हणजे तुम्ही त्यांच्यातल्याच!"
मग तिनं चष्म्यावरून माझा चेहरा पाहिला
आणि पेन्सिलींना टोक आहे का, ते तपासत राहिली.

१८२३. इफ्राइम गेला, तंबाखूची लावणी अर्ध्यात टाकून.
तीन शेजारी आले, जेवले,
आणि दौत घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले.
    पितळी घड्याळ, बंद. चार डॉलर.
    तांबडी गाय, वासरासह. अकरा.
    तामार, वय सुमारे नऊ. एकशे ऐंशी.
    चरखा, मोडका.
बोट घड्याळावरून गाईवर, गाईवरून तिच्यावर येतं
आणि तिथंच थांबतं.
सुमारे.
आईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं,
कुठल्या थंडीत, कुठल्या रात्री.
आई असेल याच पानावर, चार ओळी वर,
सिल्वी असेल, ज्यूबा असेल.
यादीला नाती कळत नाहीत. भाव कळतात.

१८३७. इफ्राइमची विधवा लेटिशिया.
हिनं मृत्युपत्र केलं, देवाचं नाव घेऊन सुरुवात केली.
चांदीचे चमचे थोरलीला.
धाकट्या हॅरिएटला
तामार आणि तिची पुढची वीण, कायमची.
वीण.
शेळीची असते. सशाची असते.
जी पोरं अजून पोटातही नव्हती
ती या ओळीत आधीच वाटली गेली,
त्यांच्यात एक माझा पणजोबा.
विल्हेल्मिना आत्या सुया घेऊन बसायची
तेव्हा एक टाका निसटला तर
कोपरभर विणलेलं उसवायची, न बोलता.
मी तिच्या शेजारी लोकरीचा गुंडा धरून असायचे.
"तामारला शोध," एवढंच म्हणाली होती शेवटी,
आणि मला वाटलं, बायबलमधली.

१८५२. हॅरिएटचा नवरा, कर्जासकट.
टोपीत चिठ्ठ्या टाकल्या.
    लॉट तीन: आयझम, अकरा वर्षं; एक खेचर; पिसांची गादी.
    लॉट पाच: डिलाय आणि मिंगो.
    लॉट सहा: तामर.
एक काना गळालाय. तीच आहे.
आयझम गेला लॉट तीनबरोबर, नदीपलीकडे,
आणि सहा आणि तीन यांच्यामध्ये
कारकुनानं पट्टीनं एक सरळ रेघ मारलीय.
सुंदर अक्षर आहे त्याचं, हे मला कबूल करावं लागतं.

खर्चाच्या वहीत, डॉक्टरच्या बिलाखाली, ओळ अठरा:
तामारला जोडा, काठीच्या मापानं, नव्वद सेंट.
पाय मोजायला चांभार येत नसे.
टाचेपासून अंगठ्यापर्यंत काठी तोडायची,
गड्ड्या बांधून गावात पाठवायच्या.
काठ्या कोणी जपल्या नाहीत. जपतील कशाला.
मी टेबलाखाली माझा डावा बूट काढला.
का काढला, ते सांगता येणार नाही.

१८६१. तामार, निकामी. शून्य.
मी हिशेब केला: सत्तेचाळीस.
मी आज तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी आहे
आणि गेल्या ऑगस्टपर्यंत टपालाच्या गोण्या उचलत होते.
निकामी म्हणजे काय झालं होतं तुला?
हात? छाती? की एक दिवस
नुसतीच उठली नाहीस?

१८६८. हॅरिएट.
पितळी घड्याळ आहे, अजून बंद, आता दोन डॉलर.
गाई तीन.
माणूस एकही नाही.
कुठं गेली, कोणाबरोबर, कुठल्या पायांनी,
ते आता यांना लिहावं लागत नव्हतं.

साडेचारला तळघर बंद होतं.
खिडकीवरची बाई खोके मोजून घेते,
हळूच म्हणते, "यापुढं या घराण्याचं काही नाही आमच्याकडे."
फरशी थंडगार आहे. पाय बधिर झालाय.
मी खाली वाकते,
बूट शोधते.